माळ्यावरचं पोतं आधी खाली उतरवा

'सप्रेम नमस्कार. माझं वय ५७. चिपळूणजवळच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमचं बारा जणींचं भजनी मंडळ आहे. पेटीला आमच्यातलीच एक असते. पखवाजाला गावातला एक मुलगा यायचा, तो नोकरीला पनवेलला गेला. गेले आठ महिने नुसत्या टाळांवर भजन चाललंय. लय पळते, शेवटच्या गजरापर्यंत आम्ही धापा टाकत असतो. कुणीतरी शिकायला हवं, म्हणून मी हात वर केला. पण घेऊ काय? भाचा म्हणतो जेंबे घे, सोपा असतो, घरपोच येतो. मंडळातल्या दोघी ढोलकी म्हणतात. मला स्वतःला पखवाज आवडतो, पण वाडीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "बायकांनी पखवाजाला बसायचं नसतं" असं ऐकवलं. माझे गुडघे धड नाहीत, मांडी घालून अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. सकाळी बोटंही आखडतात. बारा हजारांपर्यंत खर्च करू शकते. या वयात जमेल ना?

ता. क. सासऱ्यांचा जुना तबला माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलाय. पुडी उंदरांनी कुरतडली आहे. तो भंगारात द्यावा की कसं?

— एक भजनकरी, चिपळूण तालुका'

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही ताज्या कलमात ढकललीत. भंगारवाला अजून आला नसेल, तर आला की त्याला दारातूनच परत पाठवा. पोत्याकडे मी येतोच. आधी बाकीच्या उमेदवारांना वाटेला लावू.

जेंबेला मी नावं ठेवणार नाही. माली, गिनी या पश्चिम आफ्रिकेतल्या मुलखाचं ते वाद्य. उघड्या मैदानात नाचणाऱ्यांच्या गर्दीतही ऐकू जावं अशा बेताने घडलेलं. पेल्याच्या आकाराचं लाकडी खोड, वर बकऱ्याचं कातडं. भाचा म्हणतो तसा पहिला आवाज पहिल्याच दिवशी निघतो, तेही खरं. पण तो आवाज तुमच्या देवळाच्या सभामंडपात बारा जणींच्या गळ्यावर चढून बसेल. आणि अभंगाला डाव्या हाताचा घुमारा लागतो. 'धा' पडल्यावर मागे राहणारी गोल गुंज, मनगटाने जराशी रेटली की वर चढणारी. ती ऐकून ऐकूनच आपला कान तयार झालेला असतो. जेंबेचा खर्ज भारदस्त आहे, पण असा वळत नाही. शिवाय तो बसून वाजवायचा तर दोन गुडघ्यांत धरून पुढे कलता ठेवावा लागतो. खालचं तोंड जमिनीला टेकलं की खर्ज गुदमरतो. तासभर गुडघ्यांनी वाद्य आवळून बसायचं, हे तुमच्या गुडघ्यांना विचारून बघा.

त्याच दुकानात तुम्हाला कहोनही दाखवतील. पेरू देशातला लाकडी खोका, त्याच्यावरच बसायचं आणि पुढची फळी वाजवायची. गिटारवाल्या मुलांबरोबर झकास. पुढे जाऊ.

ढोलकीचं म्हणाल, तर तुमच्या त्या दोघी अगदी चुकीचं बोलत नाहीत. ढोलकी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून वाजवता येते, तबल्यापेक्षा एका हातात उचलून नेता येते, आणि गवळणीला तिच्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. अडचण एवढीच की तिचा उजवा आवाज चढा आणि टणक असतो. लावणीत, तमाशाच्या फडावर तो हवाच असतो. शांत लयीतल्या अभंगात तो टोचतो. ज्यांचा हात फार मुलायम आहे, त्यांच्या ढोलकीवर अभंगही शोभतो. पण तो हात यायला वेळ लागतो, आणि नवशिक्याच्या हातात ढोलकी पहिली दोन वर्षं नुसती कडकडते. बोटं आखडणाऱ्या माणसाने थापेच्या वाद्यावर सुरुवात करावी, असंही मला वाटत नाही.

राहिला पखवाज. त्या वडीलधाऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. मुंबईच्या आबान मिस्त्री स्वतंत्र तबलावादन करायच्या, तेव्हा बाईने तबल्याला बसणं हीच नवलाई होती. अनुराधा पाल यांनी उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडे शिकून जगभर कार्यक्रम केले. पखवाजावरही आज बायका बसतात आणि उत्तम वाजवतात. कातड्याला वाजवणारा हात बाईचा की पुरुषाचा ते कळत नाही. कळतं ते हात लयीत आहे की नाही एवढंच. तरीही तुम्हाला मी पहिलं वाद्य म्हणून पखवाज सांगत नाही, आणि त्याची कारणं निव्वळ संसारी आहेत. तो आडवा समोर घेऊन जमिनीवर बसायचा. वजनदार. बोल उघड्या पंजाचे, थापेचे. तुमच्या बोटांना आणि खांद्यांना सुरुवातीला जड जातील. आणि दर वेळी कणीक मळा, डाव्या तोंडाला लावा, स्वर बघा, कमी-जास्त करा, भजन संपल्यावर ती खरवडून काढा. कणीक तशीच राहिली की काय होतं, हे उंदरांच्या बाबतीत तुम्हाला मी सांगायला नको.

मात्र एका गोष्टीने माझं हे सगळं म्हणणं उलटू शकतं. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पखवाज शिकवणारे कुणी असतील आणि तबल्याचे गुरुजी मात्र एसटीने दीड तासावर, तर मुकाट्याने पखवाज घ्या. गुडघ्यांसाठी काहीतरी तोड काढता येईल. वाद्य निवडताना लोक वाद्याकडे बघतात. मी आधी गुरुजींच्या घराचं अंतर बघतो. पन्नाशीनंतर शिकायला बसलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतली मध्येच सोडून गेलेली बहुतेक वाद्य कठीण होतं म्हणून गेली नाहीत. पावसात क्लासला जाणं जिवावर आलं, तीन खाडे झाले, चौथ्या वेळी लाज वाटली. एवढंच.

तबल्याच्या बाजूने मोठा मुद्दा हाच. तालुक्याच्या गावात तबल्याचा एखादा तरी वर्ग असतोच, कारण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं सगळीकडे आहेत. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी ती शिडी आहे. तुम्हाला परीक्षा द्यायची गरज नाही. पण दुसरीतल्या मुलांशेजारी बसून 'धा गे न ति, न क धि न' म्हणायला तुम्हाला लाज वाटू नये. तुम्ही शिक्षिका आहात, उलट ती मुलंच सरळ बसतील. केरवा आणि दादरा हे दोन ठेके आणि जोडीला भजनी ठेका, एवढ्यावर तुमच्या मंडळाचं बहुतेक भजन निघून जाईल. झपताल-रूपक पुढे बघू.

दुसरं, तबला जोर मागत नाही. 'ना' वाजतो तो बोट चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या पट्टीवर, पडून लगेच सुटलं म्हणून. जोर काढला की उलट आवाज बसतो. सकाळी आखडणाऱ्या बोटांना संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांचा हलका रियाज बहुतेक वेळा मानवतो. तरी बोटांचं एकदा डॉक्टरांना दाखवाच. सांध्यांची सूज असेल तर ती रियाजाने जायची नाही. थकवा आणि दुखणं यांतला फरक तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळेल. दुखलं की थांबायचं.

तिसरं, तो जमिनीवरच ठेवला पाहिजे असा कुठे नियम नाही. लोखंडी स्टँड मिळतो, आणि न मिळाला तर गावातला वेल्डिंगवाला करून देतो: दोन गोल कडी, खाली चार पाय, कड्यांत चुंबळी बसतील एवढा घेर. खुर्चीत बसून कोपर कातड्याच्या किंचित वर राहील अशी उंची घ्या. कीर्तनाला फोटो बरा येत नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

आता ते पोतं.

पोत्यात नुसता उजव्या हाताचा तबला आहे की डाव्या हाताचा डग्गाही आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे दोन्हींच्या जोडीलाही तबलाच म्हणतात, म्हणून विचारतो. कोकणातल्या जुन्या घरांत असा तबला निघतो, त्यात नवल नाही. नाटकं, भजनं, गणपतीतल्या बैठका. अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला होते, त्या काळापासून आपल्या लोकांना चांगल्या तबल्याचं वेड आहे. फाटलेली पुडी बघून तुम्ही वाद्य गेलं असं धरलंत. पुडी म्हणजे वर ताणलेलं कातडं, ती तबल्याची चप्पल समजा. ती झिजते, फाटते, बदलतात. वाद्य म्हणजे खोड, आणि खोड पन्नास वर्षांनीही नव्यासारखं बोलतं, बोललं तर.

तर ते कसं तपासायचं. पोतं अंगणात उन्हाला सोडा. पहिल्यांदा खाली बघा, पोत्याच्या तळाशी पिवळसर भुसा आहे का. असला आणि खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली, तर भुंग्याने पोखरलंय. एखाद-दुसरं जुनं भोक चालेल, पण ताजा भुसा पडत असेल तर मोह सोडा. मग उचला. चांगला तबला दिसतो त्याहून जड लागतो, कारण खोड वरून कोरलेलं असतं आणि खालचा बराच भाग भरीव असतो. शिसम किंवा खैराचं असेल तर हात खाली ओढला जाईल. हलकं लागलं तर आंबा किंवा तसलंच काही. मग फाटकी पुडी कापून काढून तोंडाची कड बघा. वाद्या, म्हणजे पुडी ताणणाऱ्या कातडी पट्ट्या, कापायला हरकत नाही, त्या तशाही वाळून कडक झाल्या असतील. कडेला बोट फिरवलं तर सपाट लागली पाहिजे. तडा असेल तर तो नुसता वरवरचा आहे की आतपर्यंत गेलाय, ते बघा. आरपार तडा गेलेल्या खोडावर पुडी ताणली की तो उघडतो.

आणि मग शिवणकामाचा टेप घेऊन तोंडाची रुंदी मोजा. हा आकडा मला सगळ्यात हवा आहे.

का, ते सांगतो, कारण दुकानात नवशिक्याला हे कुणी विचारत नाही. तबला एका स्वराचा असतो. तोंड लहान तितका चढा, मोठं तितका ढाला. थोडा वर-खाली लावता येतो, पण फार ताणला तर पुडी फाटते आणि फार उतरवला तर भद्द वाजतो. तेव्हा तुमच्या पेटीवालीला आधी विचारा, बाई, तू सूर कुठला देतेस? ती 'काळी चार', म्हणजे चौथी काळी पट्टी, म्हणाली समजा. बायकांचं भजन पुष्कळदा तिथेच असतं. काळी चारचा षड्ज (सा) धरला, तर त्याचा मध्यम (म) येतो काळी एकवर. म्हणजे काळी एकचा तबला तुमच्या मध्यमात लागेल आणि छान मिसळेल. उतरत्या वयात गळे खाली आले आणि तुम्ही काळी तीनवर आलात, तर काळी एक हा पंचम (प). आणि उद्या गावात पुरुष मंडळींच्या भजनात बसलात, त्यांचा षड्ज काळी एक असेल, तर तोच तबला षड्जात. तीन ठिकाणी उपयोगी पडणारा हा एकच स्वर आहे, म्हणून नवीन घेणाऱ्याला मी डोळे मिटून काळी एक सांगतो. तोंड साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच.

सासऱ्यांच्या तबल्याचं तोंड एवढंच भरलं, तर गंगेत घोडं न्हालं. सहा-सव्वासहा इंच भरलं, तरी तो टाकाऊ नाही. तो ढाला तबला असेल आणि तुमच्या काळी चारला थेट षड्जातच लागेल. पाच इंचांच्या आत आलं तर मात्र तो टिपेचा आहे, तुमच्या मंडळाच्या कामाचा नाही. मग तो शोभेला ठेवा आणि दुसरा घ्या.

खर्चाचं गणित मोकळेपणाने सांगतो. शहराशहरांत दर मागेपुढे होतात, पण जुन्या खोडावर नवी पुडी, नव्या वाद्या, त्यांखालचे लाकडी गट्टे आणि मजुरी धरून माझ्या अंदाजाने दोन ते तीन हजारांत तबला उभा राहतो. डग्गा नसेल तर पितळी नवा घ्या. तांब्याचा अधिक गोल बोलतो, पण महाग पडतो आणि तुमच्या हाताला तो फरक वर्ष-दीड वर्ष कळणार नाही. स्टीलचा पातळ पत्र्याचा घेऊ नका. तो हाताखालून सरकतो आणि गुंज पत्र्याची येते. हे सगळं धरूनही तुमच्या बारा हजारांतले पैसे उरतील. ते गुरुजींच्या फीला ठेवा.

कारागीर पुडी चढवून देईल तेव्हा घाई करू नका. त्याच्यासमोर बसा. पुडीच्या कडेला चाट, मग लव, मध्ये शाईचा काळा गोल. चाटेवर तर्जनीने 'ना' वाजवत गोल फिरा. गजऱ्यावरच्या, म्हणजे पुडीच्या कडेच्या गुंफलेल्या कातडी वेढ्यावरच्या, सोळा घरांतून सगळीकडे सारखाच स्वर आला पाहिजे. एका बाजूला चढा आणि समोर उतरलेला येत असेल, तर तो हातोडीने गजरा ठोकून मिळवून देईल. वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. हे तो करताना नीट बघून ठेवा, पुढे ते तुम्हालाच करायचंय. शाईला कान लावू नका, डोळे लावा. लोहचूर्ण आणि भाताची खळ यांचे थर एकावर एक घासून शाई बनते. त्यामुळे तिच्यावर बारीक दाणेदार भेगांची जाळी असते, ती असायलाच हवी. पण नखाने हलकं टेकल्यावर कण सुटत असतील तर ती कच्ची आहे. डग्ग्याची शाई मधोमध नसून एका अंगाला असते. ती बघून 'वाकडी लावली' म्हणून भांडू नका, मी एका भजनीबुवांना तसं भांडताना पाहिलंय.

नवीन किंवा वापरलेली जोडी घ्यायची वेळ आलीच, तर आणखी एक खूण. वाद्यांखालचे लाकडी गट्टे कुठे आहेत ते बघा. ते अगदी तळाला जाऊन बसले असतील आणि गजरा खोडाच्या तोंडावरून बराच खाली घसरला असेल, तर ती पुडी ताणून संपली. आता ती चढणार नाही. विकणारा कितीही 'आत्ताच बदललीय' म्हणू दे.

हे मला कसं कळलं, तर फसून. कॉलेजात असताना एका बाजारपेठेतल्या दुकानातून पहिली जोडी घेतली. शिसमचा तबला, तांब्याचा डग्गा, दुकानदाराने स्वतः 'तिरकिट' वाजवून दाखवलं. त्याच्या हातात तो असा बोलला की मी भावसुद्धा केला नाही. जून लागला. पांढऱ्या लेंग्यावर तबला घेऊन बसलो आणि उठलो तो मांडीवर तांबडा गोल. शिसम म्हणजे रंग लावलेला आंबा होता. तांब्याचं पाणीही दिवाळीपर्यंत उतरलं. वाईट वाटलं ते पैशांचं नाही. दुकानदाराच्या हाताचा आवाज मी तबल्याचा समजलो होतो, याचं वाटलं. म्हणून तुम्ही दुकानात जाल तेव्हा त्याला वाजवू देऊ नका. स्वतः वाजवा, कसंही. नाहीतर आणखी चांगलं म्हणजे पनवेलच्या त्या मुलाला बरोबर घ्या. गणपतीला नाहीतर शिमग्याला तो येणारच. त्याने आठ महिने मंडळ टाकलंय, एक दिवस तुमच्यासाठी द्यायला त्याला काही जड नाही.

तुमच्याकडच्या हवेबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि तबला उतरतो, अर्धा स्वर, कधी त्याहून जास्त. नवशिके घाबरून गट्टे ठोकत सुटतात. मग ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडतं, तीच पुडी आवळते आणि एके रात्री खोलीत फट् असा आवाज होतो. तेव्हा पावसात थोडा उतरलेला तबला तसाच सोसा, पेटीवालीला अर्धा स्वर खाली यायला सांगा. चुलीपाशी किंवा गॅसजवळ धरून वाळवू नका. वाजवून झालं की वर कापडी गादी, मग पिशवी, आणि पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर वस्तू उंचावर ठेवायला चिपळूणकडच्या माणसाला कुणी शिकवू नये. पण पुन्हा माळाही नको. डोळ्यांसमोर राहील असं एखादं कपाट बघा. जे वाद्य काढायला शिडी लागते, ते वाजत नाही.

हाताला खोबरेल किंवा क्रीम लावून बसू नका, शाई तेल पिते. घाम येत असेल तर थोडी शंखजिऱ्याची पावडर. अंगठ्या काढून ठेवायच्या, बांगड्या मागे सारायच्या. काचेच्या बांगडीने लवेवर पडलेला ओरखडा मी पाहिलाय.

'या वयात जमेल का' याचं उत्तर देतो. स्वतंत्र वादन जमणार नाही, आणि ते तुम्ही मागितलेलंही नाही. आठवड्यातून दोन शिकवण्या आणि रोज वीस मिनिटं दिलीत, तर सहा-सात महिन्यांत तुम्ही केरवा न पळवता धराल. न पळवता हे महत्त्वाचं. तुमच्या मंडळाला तुकड्या-तिहाया नको आहेत. बारा जणींची लय एका जागी बांधून ठेवणारा खुंटा हवाय. पहिल्यांदा मंडळात बसाल तेव्हा पूर्ण अभंग धरू नका. ध्रुपदापुरतं वाजवा, अंतऱ्याला हात उचला, पुन्हा ध्रुपदाला या. चुकलात तर थांबा आणि पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडा. मध्येच शोधत बसलात तर बाराही जणी तुमच्यामागे हरवतील.

आणि तोवरचे सहा महिने? लय पळण्याचं कारण पखवाज नसणं एवढंच नाही. बारा जणी बारा टाळ वाजवतात आणि प्रत्येक जण शेजारणीच्या किंचित पुढे असते. एकीलाच मुख्य टाळ द्या, सगळ्यात कमी उत्साही असेल तिला. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून वाजवायचं, पहिल्या दोन अभंगांना तर नुसत्या टाळ्या द्यायच्या. भाच्याचा जेंबे नाकारल्याचं वाईट वाटत असेल, तर त्याला सांगा फोनवर तबल्याचं ॲप टाकून दे. घरी रियाजाला ते उत्तम आहे, समेला ते कधी चुकत नाही. मंडळात मात्र नको. शेवटच्या चरणाला तुम्ही भावाने जरा रेंगाळाल, आणि ते काही थांबायचं नाही.

तोंडाची रुंदी, पेटीचा सूर आणि डग्गा आहे की नाही, एवढं एका कार्डावर कळवा. पुढचं तेव्हा बघू. आणि पोतं उतरवताना शिडीवर स्वतः चढू नका. गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंय. कुणाला तरी चढवा, तुम्ही खाली उभ्या राहून झेला. आत डग्गा असेल तर तो आधी येईल, आणि तो घरंगळतो.